संघ उतरवताय? मग एवढं पक्कं करा

हौशी फुटबॉल लीगमध्ये पैशासाठी कुणी येत नाही. खेळाडू नोकरी, कॉलेज, दुकान सांभाळून येतात. आयोजक वर्गणी गोळा करतात आणि कमी पडलं की स्वतःच्या खिशात हात घालतात. पंच थोडक्या भत्त्यावर दीड तास उन्हात धावतात. अशी लीग आयोजकांच्या जिवावर चालते असं आपण धरून चालतो, पण ती चालते संघांच्या जिवावर. आठ संघांनी एकमेकांशी एकदाच खेळायचं ठरवलं तरी २८ सामने होतात. त्या प्रत्येक सामन्याला दोन पूर्ण संघ, पंच आणि मैदान एका वेळी जुळून यावं लागतं. त्यातला एक संघ आला नाही, की बाकी सगळ्यांची सकाळ फुकट जाते.

म्हणून लीगमध्ये नाव देणं म्हणजे समोरच्या संघाला सामना देण्याचं वचन देणं. कोल्हापुरात तालमीचा संघ शाहू स्टेडियमवर उतरतो तेव्हा त्याच्यामागे अख्खी पेठ असते. पुण्या-मुंबईतल्या सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या संघामागे कदाचित चार मित्रच असतील. वचन मात्र दोघांचं सारखंच. पुढे दिलेले नियम आणि जबाबदाऱ्या ते वचन पाळता यावं यासाठीच आहेत.

नियमांची दोन पुस्तकं

पहिलं पुस्तक खेळाच्या नियमांचं. हे १७ नियम जगभर एकच आहेत आणि ते इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड ही १८८६ साली स्थापन झालेली संस्था ठरवते. दरवर्षीचे बदल साधारण १ जुलैपासून लागू होतात. पाच वर्षांपूर्वी पाठ केलेल्या नियमांवर आज पंचांशी वाद घालण्यात म्हणूनच अर्थ नसतो. संघातल्या एकाने तरी दरवर्षी नवे बदल वाचून इतरांना सांगावेत.

दुसरं पुस्तक तुमच्या स्पर्धेच्या नियमावलीचं. हौशी, शालेय आणि ज्येष्ठांच्या स्पर्धांना काही बाबतींत मोकळीक आहे. मैदान लहान ठेवता येतं, सामन्याची वेळ कमी करता येते, बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची सवलत देता येते. सात-सातच्या टर्फ लीगमध्ये तर बरंच काही वेगळं असतं. नियमावली हातात आली की पुढच्या गोष्टी शोधून त्यांवर खूण करा:

- सामना किती मिनिटांचा, मध्यंतर किती?
- बदली खेळाडू किती, आणि बाहेर गेलेला परत येऊ शकतो का?
- संघाला उशीर झाला तर किती मिनिटं थांबतात?
- किती पिवळ्या कार्डांनंतर एका सामन्याची बंदी?
- गुण समान झाले तर क्रम कशावर: गोलफरक, की आपसातल्या सामन्याचा निकाल?
- तक्रार किती वेळात आणि कोणाकडे द्यायची, तिची फी किती?
- अनामत रक्कम कोणत्या कारणांनी जप्त होते?

यातलं काही लिहिलेलंच नसेल, तर पहिल्या सामन्याआधी आयोजकांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला खुलासाही चालतो, कारण तो सगळ्या संघांना एकाच वेळी मिळतो.

नोंदणी: खेळाडू खरा, कागद खरा

जिल्हा किंवा राज्य संघटनेच्या अधिकृत लीगमध्ये खेळायचं असेल, तर खेळाडूची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत व्हावी लागते. खेळाडू तिला ‘सीआरएस’ म्हणतात. तिथे खेळाडू एका क्लबच्या नावावर असतो, आणि क्लब बदलायचा तर त्याची रीतसर प्रक्रिया करावी लागते. मित्रमंडळींच्या किंवा कंपन्यांच्या लीगमध्ये आधार कार्ड आणि फोटोवर काम भागतं. दोन्हीकडे शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. फोटो धूसर असतो, जन्मतारीख दोन कागदांवर दोन असते, आधीच्या क्लबची मोकळीक आलेली नसते. ही कामं निस्तरायला वेळ लागतो.

खेळाडू कमी पडले म्हणून दुसऱ्याच्या नावावर एखाद्याला उतरवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो कटाक्षाने टाळा. पकडलं गेल्यावर सामना हातचा जातो, अनामत जाते, आणि ज्याचं नाव वापरलं त्या मुलावरही बंदी येऊ शकते. त्याहून गंभीर बाब दुखापतीची आहे. मैदानावर एकजण जखमी आणि यादीत भलत्याचंच नाव, अशा वेळी विम्याचा दावा कुणाच्या नावाने करणार? वयोगटाच्या स्पर्धेत तर वय लपवलेला मुलगा समोरच्या लहान मुलाच्या अंगावर स्वतःचं वजन घेऊन जातो. तिथे हा प्रश्न थेट सुरक्षिततेचा होतो.

अठरा वर्षांखालच्या खेळाडूंसाठी पालकांची लेखी संमती घ्या. संपूर्ण संघाचा मिळून अपघात विमा काढता येतो. वर्गणी ठरवताना त्याचा हप्ता आधीच धरा.

कोणी काय करायचं

संघातली सगळी कामं एकाच माणसावर पडली, की तो माणूस आजारी पडतो किंवा कंटाळतो, आणि संघही थांबतो. कामं निदान चौघांत वाटा.

मॅनेजरने पत्रव्यवहार, वेळापत्रक, खेळाडूंची यादी आणि कार्डांची नोंद सांभाळावी. कोणाला किती पिवळी कार्डं झाली, कोणावर बंदी आहे, हे आयोजकांनी कळवण्याची वाट न पाहता स्वतःच्या वहीत असावं. बंदी असलेला खेळाडू चुकून उतरला तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही.

खजिनदाराकडे प्रवेश फी, मैदानाचं भाडं, पंचांचा भत्ता आणि चेंडू-जर्सीचा खर्च. महिन्याचा हिशेब ग्रुपवर टाकला की वर्गणी मागताना संकोच राहत नाही.

प्रशिक्षक खेळाचा. कोण खेळणार आणि कोण बाहेर बसणार हा निर्णय त्याचा. नियमित सरावाला येणारा खेळाडू आणि थेट सामन्यालाच उगवणारा खेळाडू यांच्याबाबत संघाचं धोरण हंगामाआधी ठरलेलं असावं, म्हणजे त्या दिवशी रुसवेफुगवे होत नाहीत.

कर्णधाराचा मान मोठा, पण नियमांनी त्याला कोणतेही खास अधिकार दिलेले नाहीत. संघाच्या वागणुकीची काही जबाबदारी मात्र त्याच्यावर आहे, असं नियमात स्पष्ट म्हटलं आहे. त्यामुळे कर्णधार निवडताना उत्तम खेळाडू कोण एवढंच पाहू नका. चिडलेल्या सहकाऱ्याला हाताला धरून मागे कोण नेईल, तेही पाहा.

सामन्याआधीचा अर्धा तास

सुरुवात सातची असेल तर संघ साडेसहाला मैदानावर हवा. बूट बांधणं, वॉर्मअप, यादी आणि पंचांची तपासणी एवढं त्या अर्ध्या तासात उरकायचं असतं.

पंच खेळाडूंना ओळीत उभं करतात, बूट उलटे करायला लावून स्टड पाहतात, नडगीवर हात मारून शिनगार्ड आहे की नाही ते बघतात. बाह्यांची जर्सी, शॉर्ट्स, मोजे, शिनगार्ड आणि बूट या पाच वस्तू सक्तीच्या आहेत. शिनगार्ड मोज्याने पूर्ण झाकलेलं हवं. ते योग्य मापाचं आणि पुरेसं संरक्षण देणारं आहे का, ही जबाबदारी खेळाडूची स्वतःची. मोज्यात पुठ्ठा सारून वेळ मारून नेणारे दिसतात. समोरच्याचा स्टड नडगीवर बसतो तेव्हा पुठ्ठा काहीच थांबवत नाही.

दागिन्यांवर पूर्ण बंदी आहे. अंगठी, कडं, साखळी, कानातली बाळी, मनगटावरचे रबर किंवा चामड्याचे पट्टे, सगळं काढावं लागतं. वर चिकटपट्टी गुंडाळून चालत नाही, हे नियमातच लिहिलेलं आहे. धावताना अंगठी जर्सीत किंवा जाळीत अडकली तर बोटाला गंभीर इजा होते, म्हणून हा नियम इतका कडक आहे. कोणाचा गंडा किंवा माळ श्रद्धेची असेल, तर मैदानावर हुज्जत घालण्यापेक्षा काही दिवस आधीच त्या खेळाडूशी आणि आयोजकांशी बोलून घ्या.

जर्सीचे रंग आदल्या रात्री समोरच्या मॅनेजरला फोन करून जुळवा. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे दिसले पाहिजेत, आणि गोलकीपरचा रंग या सगळ्यांपेक्षा वेगळा. तरीही घोटाळा होतोच, म्हणून किटबॅगेत वेगळ्या रंगाची बिब कायम ठेवा.

यादी लिहिताना एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. सामन्याआधी सगळ्यांची नावं द्यायची असा स्पर्धेचा नियम असेल, तर यादीत ज्याचं नाव नाही तो नंतर येऊन खेळू शकत नाही. यादीत नाव असलेला खेळाडू मात्र उशिरा आला तरी पंचांच्या परवानगीने आत येऊ शकतो. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्याचं नाव म्हणूनच आठवणीने लिहा.

मैदानही डोळ्याखालून घाला. दगड, काचा, खड्डे पाहा. गोलपोस्ट जमिनीत पक्के रोवलेले किंवा बांधलेले असलेच पाहिजेत. हलवता येणारे पोस्ट असतील तर मागच्या दांड्यावर वाळूची पोती टाका आणि लहान मुलांना आडव्या दांड्याला लोंबकळू देऊ नका, कारण पोस्ट उलटून मुलांचे जीव गेले आहेत. रेषा आखताना फक्कीच वापरा. चुना डोळ्यांत किंवा खरचटलेल्या जागी गेला की भाजतो.

संख्या कमी पडली तर

अकरांचा संघ किमान सात खेळाडूंवर सुरू होऊ शकतो. सातपेक्षा कमी असतील तर सामना सुरू होत नाही, आणि चालू सामन्यात संख्या सातच्या खाली गेली तर तो पुढे चालत नाही. आठजण आले असतील तर घरी परतू नका, खेळा. हरलात तरी समोरच्या संघाला सामना मिळतो आणि तुमचा शब्द राहतो.

येणं शक्यच नसेल, तर जमेल तितक्या लवकर कळवा. दोन दिवस आधी कळवलं तर आयोजक तारीख बदलू शकतात, पंचांना थांबवू शकतात, मैदान दुसऱ्या सामन्याला देऊ शकतात. सकाळी साडेसहाला आलेल्या फोनने यातलं काहीच होत नाही.

वॉकओव्हर हा दोन संघांपुरता मामला आहे असं वाटतं, पण त्याची झळ तिसऱ्याला बसते. बहुतेक ठिकाणी हजर संघाला ३–० असा विजय आणि तीन गुण दिले जातात. समजा, शेवटच्या फेरीत तुम्हाला पुढे जाण्याची आशा उरलेली नाही म्हणून तुम्ही गेलाच नाहीत. तुमच्या प्रतिस्पर्ध्याला घाम न गाळता तीन गुण आणि तीन गोलांचा फरक मिळाला. त्याच्याशी बरोबरीने झगडणारा, सगळे सामने प्रामाणिकपणे खेळलेला तिसरा संघ गोलफरकावर मागे पडला. त्या संघाने तुमचं काहीच बिघडवलेलं नसतं. तळाला असलात तरी शेवटचा सामना पूर्ण ताकदीने खेळणं हे म्हणून तुमचं साऱ्या लीगशी असलेलं देणं आहे.

हमखास वाद होतात ते नियम

थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नर यांवरून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाइड नसतो. फ्रीकिकला मात्र असतो.

फ्रीकिकच्या वेळी बचाव करणाऱ्यांनी चेंडूपासून ९.१५ मीटर दूर राहायचं. तीन किंवा अधिक खेळाडूंची भिंत असेल तर हल्ला करणाऱ्या संघाच्या खेळाडूंनी त्या भिंतीपासून किमान एक मीटर लांब थांबायचं.

चेंडू हाताला लागला म्हणजे प्रत्येक वेळी फाउल नव्हे. हात मुद्दाम नेला का, किंवा हात अशा जागी होता का की शरीर अनैसर्गिकरीत्या मोठं झालं, ते पंच पाहतात. पण स्वतःच्या हाताला लागून चेंडू थेट गोलमध्ये गेला, तर अनवधानाने का असेना, तो गोल धरला जात नाही.

गोलकीपरने चेंडू हातात ठेवण्याची मर्यादा २०२५–२६ पासून आठ सेकंद झाली आहे. त्याहून जास्त ठेवला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटच्या पाच सेकंदांची मोजणी पंच हात वर करून बोटांनी दाखवतात, तिकडे लक्ष ठेवायची सवय आपल्या गोलकीपरला सरावातच लावा.

बदली खेळाडू खेळ थांबलेला असताना, बाहेर जाणारा मैदानाबाहेर पडल्यावर आणि पंचांनी खूण केल्यावरच मध्यरेषेजवळून आत येतो. बाहेर जाणाऱ्याने जवळच्या रेषेवरून बाहेर पडायचं असतं. गोलकीपरची अदलाबदल पंचांना सांगूनच करायची.

पंचांशिवाय सामना नाही

खेळाशी संबंधित घटनांवर पंचांचा निर्णय अंतिम असतो. त्यात गोल झाला की नाही आणि सामन्याचा निकाल हेही आलं. एखादा निर्णय चुकीचा वाटेल, कधी तो खरोखर चुकीचा असेलही. हौशी लीगमध्ये व्हिडिओ नसतो, कित्येकदा रेषेवरचे सहायकही नसतात. एकटा माणूस सगळं मैदान सांभाळत असतो. त्याला घेराव घालून निर्णय बदलत नाही, कार्ड मात्र मिळतं. नाराजी व्यक्त केल्याबद्दल पिवळं, शिवीगाळ किंवा अपमानास्पद बोलण्याबद्दल थेट लाल. लाल कार्ड मिळालेल्याच्या जागी दुसरा खेळाडू घेता येत नाही, म्हणजे एकाच्या जिभेची शिक्षा दहाजण भोगतात. शिट्टी वाजली की सुटलो असंही नाही, सामना संपल्यानंतर मैदानावरच्या वागण्याबद्दलही कार्ड दाखवता येतं.

बाकावरच्यांनाही हे लागू आहे. २०१९ पासून प्रशिक्षक आणि मॅनेजर यांनाही कार्ड दाखवलं जातं. बाकावरून कोण ओरडलं ते कळलं नाही, तर तिथे असलेल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला ते कार्ड घ्यावं लागतं.

पंचांशी फक्त कर्णधाराने बोलायचं, ही पद्धत अवलंबण्याची मुभा आता स्पर्धांना आहे. तुमच्या लीगने ती घेतली नसली तरी संघाने स्वतःहून पाळावी. तक्रारखोरपणासाठी दहा मिनिटं बाहेर बसवण्याची सोयही हौशी स्पर्धांना उपलब्ध आहे. इंग्लंडमध्ये ३१ हौशी लीगमध्ये ती करून पाहिली तेव्हा पंचांशी हुज्जत घालण्याचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं, आणि २०१९–२० पासून तिथे ती तळाच्या पातळीवर सर्वत्र लागू झाली. आपल्या आयोजकांपुढे हा विषय जरूर मांडा. गावातला एखादा तरुण पंच शिव्या खाऊन घरी बसला, तर त्याच्या जागी उभा राहणारा दुसरा सहज मिळत नाही.

समर्थक तुमचेच आहेत

कोल्हापूरसारख्या ठिकाणी संघाची ओळख तालमीशी आणि पेठेशी जोडलेली आहे. हजारोंनी माणसं येतात आणि सामन्याला पोलीस बंदोबस्त लागतो. ती ईर्ष्या हेच तिथल्या फुटबॉलचं बळ आहे, आणि तीच हाताबाहेर गेली की सामना बंद पडतो. आपल्या गर्दीला आवरणं हे पोलिसांचं काम समजून मोकळं होऊ नका. गर्दी ओळखते ती मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांना. त्यांच्यापैकी दोघा-तिघांना प्रत्येक सामन्याला समर्थकांत बसवा. डिवचणारे फलक, सामन्याआधीचे चिथावणीचे स्टेटस आणि रील यांना संघाच्या नावाने थारा नाही, हे खेळाडूंनीच आपल्या पोरांना सांगावं. त्यांचं ऐकलं जातं.

दुखापत, ऊन आणि वीज

प्रथमोपचाराची पेटी, बर्फ आणि भरपूर पाणी प्रत्येक संघाने आणावं. जवळचं रुग्णालय कोणतं आणि मैदानात रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून येईल हे आधीच ठरवा. १०८ हा क्रमांक सगळ्यांना पाठ हवा. एखादा खेळाडू कुणाचा धक्का न लागता कोसळला, प्रतिसाद देत नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने ताबडतोब छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने जोरात दाब द्यायला सुरुवात करावी. हे शिकवणारं प्रशिक्षण हंगामाआधी संघातल्या दोघांनी तरी घ्यावं.

डोक्याला मार लागल्यावर खेळाडू गोंधळलेला वाटला, झोक जात असेल, उलटी झाली, डोकं दुखू लागलं किंवा क्षणभर जरी शुद्ध गेली, तर त्याला बाहेर काढा आणि त्या दिवशी पुन्हा खेळवू नका. ‘मी ठीक आहे’ या त्याच्या शब्दावर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.

एप्रिल-मेच्या उन्हात पाण्यासाठी थांबण्याची तरतूद नियमांत आहे, ती पंचांकडे मागा. पावसाळ्यात गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवून सगळ्यांना पक्क्या इमारतीत किंवा गाडीत न्या, झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गेल्याशिवाय मैदानावर परतू नका. अर्धवट राहिलेला सामना, स्पर्धेच्या नियमावलीत वेगळं काही नसेल तर, पुन्हा खेळवला जातो. गुणांच्या लोभाने विजेखाली खेळत राहण्याची गरज नाही.

शेवटच्या शिट्टीनंतर

समोरच्या संघाशी आणि पंचांशी हात मिळवा. सामन्याच्या कागदावर सही करण्याआधी स्कोअर, गोल करणाऱ्यांची नावं आणि कार्डं वाचून पाहा. मागाहून दुरुस्ती करणं अवघड असतं. पेनल्टी द्यायला हवी होती की नको, यावर तक्रार करून उपयोग नाही. पण अपात्र खेळाडू, खोटं नाव किंवा बंदी असलेला खेळाडू असेल, तर मुदतीत, लेखी, पुराव्यासह आणि फी भरून तक्रार द्या. ती दिल्यावर समितीचा निर्णय मान्य करा. बाटल्या, पट्ट्या उचलून मैदान मोकळं करा. पुढचा सामना त्याच गवतावर असतो.

हंगाम सुरू होण्याआधी एक बैठक घ्या. नियमावली सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, चार कामं चौघांच्या नावावर लिहा आणि सगळ्या सामन्यांच्या तारखा समोर ठेवून कोणाची परीक्षा, कोणाचं लग्न, कोणाची शिफ्ट कधी आहे ते विचारा. कुठल्या रविवारी माणसं कमी पडणार ते तिथेच कळेल आणि त्यावर उपाय करायला हातात महिना असेल. एवढी तयारी केलेल्या संघाशी खेळायला बाकीचे संघ उत्सुक असतात, आणि लीग वर्षानुवर्षं टिकते ती अशाच संघांमुळे.